वेगळ्या वाटेचा सिनेमा आणि दुभंगलेला प्रेक्षक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच सिनेमाबद्दल इतकी टोकाची मतं कशी पडतात? सगळ्यांनी पाहिलं तर एकच ना?

पाहिलं एकच, पण प्रत्येकाने त्याच्याकडे मागितलं वेगळं. रूढ सिनेमा प्रेक्षकाशी एक अलिखित करार करतो. माणसं कोण, त्यांना काय हवंय, आड काय येतंय हे तो लवकर सांगतो आणि उभे केलेले प्रश्न शेवटाआधी सोडवतो. वेगळ्या वाटेचा सिनेमा या करारातलं एखादं कलम ठरवून मोडतो. मोडलेलं कलम तुमच्या दृष्टीने किती मोलाचं होतं, यावर तुमचं मत बरंचसं ठरतं.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं १९६० साल घ्या. इटालियन दिग्दर्शक मिकेलँजेलो अँतोनियोनीच्या ‘लाव्हेंतुरा’मध्ये अ‍ॅना नावाची तरुणी एका बेटावर नाहीशी होते. तिचा प्रियकर आणि मैत्रीण तिला शोधू लागतात, हळूहळू एकमेकांत गुंततात आणि शोध मागे पडतो. अ‍ॅनाचं काय झालं हे सिनेमा कधीच सांगत नाही. सभागृहात लोकांनी हुर्यो उडवली, लांबलेल्या शॉट्सना (मध्ये न कापता चाललेल्या सलग चित्रणांना) हसले. दिग्दर्शक आणि नायिका मोनिका व्हित्ती उठून बाहेर गेले. लगेच दुसऱ्या दिवशी रोबेर्तो रोसेलिनीसह अनेक चित्रकर्मींनी आणि समीक्षकांनी सिनेमाच्या पाठिंब्याचं पत्रक काढलं. त्याच महोत्सवात त्याला ज्युरीचा पुरस्कार मिळाला आणि १९६२मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने आजवरच्या सर्वोत्कृष्ट सिनेमांच्या यादीसाठी समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा तो दुसऱ्या क्रमांकावर होता.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हुर्यो उडवणारे आणि पत्रक काढणारे, दोघांनाही एकच गोष्ट दिसली होती: सिनेमा अ‍ॅनाला विसरला. एकाला त्यात फसवणूक दिसली. दुसऱ्याला वाटलं की जिवंत माणूस इतक्या सहज विसरला जातो, हीच तर इथली भयंकर गोष्ट आहे. म्हणून असा सिनेमा पाहून लोक भांडायला लागले की ‘कोण बरोबर’ हे मी विचारत नाही. ‘तुमची वाट नेमकी कुठल्या प्रसंगाशी वेगळी झाली’ हे विचारते. उत्तर बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या प्रसंगावर येऊन थांबतं आणि तिथून खरी चर्चा सुरू होते.

मला प्रचंड कंटाळा आला. म्हणजे मला सिनेमा कळत नाही का?

अजिबात नाही. कंटाळा हा खरा अनुभव आहे आणि तो कुणी खोडून काढू शकत नाही. ‘तुला समजला नाही’ हे उत्तर मला उद्धट वाटतं, कारण त्यात समोरच्याने काय पाहिलं हे विचारण्याची तसदीसुद्धा घेतलेली नसते.

मात्र ‘मला कंटाळा आला’ आणि ‘सिनेमा कंटाळवाणा आहे’ ही दोन निराळी विधानं आहेत. पहिलं तुमच्याबद्दल आहे, ते तुम्ही नुसतं सांगितलं तरी पुरे. दुसरं सिनेमाबद्दल आहे. ते पटवायचं तर पडद्यावरचं काहीतरी दाखवावं लागतं.

आपल्याकडे हा विचार हजार वर्षांपूर्वी झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या ‘अभिनवभारती’ या भाष्यात अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतली काही कलाकृतीच्या बाजूची आहेत: घडतंय ते संभवनीयच न वाटणं, जे पोहोचवायचं त्याची साधनं अपुरी पडणं, स्पष्टता नसणं, मुख्य काय आणि गौण काय याचा गोंधळ. काही मात्र प्रेक्षकाच्या बाजूची आहेत. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका बुडालेला असतो की समोरच्या प्रयोगात त्याचं मन शिरत नाही, हे त्यांतलं एक. दिवसभर दमून, डोक्यात उद्याची काळजी घेऊन तीन तासांच्या अबोल सिनेमासमोर बसलात तर विघ्न कुठल्या बाजूचं होतं हे स्वतःला विचारायला हवं. आणि मन ताजं असतानाही सिनेमा हाती लागला नसेल, तर विघ्न त्याच्या बाजूचं असू शकतं हे म्हणायलाही कचरू नये.

मध्येच डोळा लागला तर?

लागू द्या. इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तमी तर म्हणत की प्रेक्षकाला जागेवर खिळवून ठेवणाऱ्या सिनेमांपेक्षा त्याला थिएटरात डुलकी घेऊ देणारे सिनेमे त्यांना आवडतात. त्यांतले काही नंतर रात्रभर जागं ठेवतात. फक्त झोपेत गेलेल्या भागावर मत देऊ नका.

हे सिनेमे इतके संथ का असतात? तेच दहा मिनिटांत सांगता आलं नसतं का?

माहिती दहा मिनिटांत सांगता आली असती. पण कित्येकदा दिग्दर्शकाला माहिती द्यायचीच नसते. वेळ जाताना कसा वाटतो हे त्याला प्रेक्षकाच्या अंगाला लावायचं असतं, आणि वेळ वेळेशिवाय दाखवता येत नाही.

शांताल आकरमानचा १९७५चा ‘जान दिएलमन’ हा याचा सर्वांत स्पष्ट नमुना. २०१ मिनिटं. एका विधवा गृहिणीचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, दिवा लावते, दिवा मालवते, मुलाला जेवायला वाढते, आणि दुपारी पैशासाठी एका पुरुषाला घरात घेते. कॅमेरा हलत नाही, काम पूर्ण होईपर्यंत बघत राहतो. पहिल्या दिवशी प्रेक्षकाला वाटतं, हे काय चाललंय? पण एव्हाना त्याला तिचा दिनक्रम पाठ झालेला असतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, तेव्हा एवढ्याशा चुकीने छातीत धस्स होतं. पहिला तास कापला असता तर हे धस्स झालंच नसतं. संथपणा इथे काम करतोय.

आता शॉट्सचं गणित. आजच्या व्यावसायिक सिनेमात एक शॉट सरासरी काही सेकंद टिकतो. आंद्रेई तार्कोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’मध्ये १६० मिनिटांहून अधिक लांबीत सुमारे १४२ शॉट्स आहेत, म्हणजे सरासरी एक मिनिटापेक्षा जास्त. बेला तार यांच्या ‘वर्कमाइस्टर हार्मनीज’मध्ये जवळपास अडीच तासांत ३९ शॉट्स. भराभर बदलणाऱ्या चित्रात कुठे पाहायचं हे संकलक ठरवतो. चित्र बदललंच नाही तर ते तुम्हाला ठरवावं लागतं. काहींना ही मोकळीक वाटते, काहींना वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. संथ सिनेमावरून होणाऱ्या भांडणांतली निम्मी इथे सुरू होतात असा माझा अंदाज आहे.

तरीही सगळा संथपणा सारखा नसतो. त्याबद्दल पुढे.

दिग्दर्शकाला नेमकं काय म्हणायचं होतं?

या प्रश्नाने बरेच प्रेक्षक उगाच अडून बसतात. सिनेमा म्हणजे कोडं आणि दिग्दर्शकाच्या खिशात उत्तर, असं धरलं की उत्तर न सापडलेला माणूस स्वतःला कमी समजतो किंवा चिडतो. ‘काय म्हणायचं होतं’ याऐवजी ‘काय दाखवलं, काय ऐकवलं, काय दाखवायचं टाळलं’ इथून सुरुवात करा. यातल्या कशाचंही उत्तर पडद्याबाहेर शोधावं लागत नाही.

शेवट असा अर्धवट का सोडतात? मला तर फसवल्यासारखं वाटलं.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) आठवा. व्हेनिस महोत्सवात पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून गेला. आणि तरी मराठी प्रेक्षकांत त्याच्यावरून चांगलीच जुंपली. एका लोकशाहिरावर खटला चाललेला असतो. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. वाटतं की संपला. आणि मग सिनेमा न्यायाधीशांच्या सहलीला निघतो. शाहिराचं पुढे काय, हे सांगितलंच जात नाही.

पुष्कळांची वाट इथे वेगळी झाली. ‘खटल्याचा निकाल दाखवायला नको का?’ हा त्यांचा आक्षेप साधा आणि रास्त आहे, कारण दोन तास आपण त्या माणसाची काळजी वाहिलेली असते. माझं मत उलट आहे. तो माणूस तुरुंगात असताना त्याचं भवितव्य ज्यांच्या हातात आहे ते निवांत सुट्टीवर आहेत, हा मला निकालापेक्षा कठोर निकाल वाटला. पण माझं मत सिनेमाने आधीपासून पेरलेल्या एका गोष्टीवर उभं आहे: खटल्यातले वकील न्यायालयाबाहेर कसे जगतात हे तो आधीपासून दाखवत आलेला आहे. शेवटी न्यायाधीशांच्या बाबतीत तो तेच करतो. म्हणून ती फसवणूक ठरत नाही.

कियारोस्तमींच्या ‘टेस्ट ऑफ चेरी’चा शेवट मला अधिक अवघड वाटतो. आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसाची गोष्ट निर्णायक क्षणी थांबते आणि एकदम व्हिडिओवर टिपलेलं चित्रीकरण दिसू लागतं: दिग्दर्शक, तंत्रज्ञ, नट. काहींना हा मोकळा श्वास वाटतो, काहींना गोष्टीतून हाकलून दिल्यासारखं वाटतं. मी दोन्ही बाजू समजू शकते, आणि इथे माझा कौल अजून पक्का झालेला नाही.

समीक्षकांना आवडतो आणि प्रेक्षकांना आवडत नाही, असं का होतं?

एक कारण अगदी व्यावहारिक आहे. जो माणूस वर्षाला शेकडो सिनेमे पाहतो त्याला ठरावीक साचे पाठ होतात आणि साचा मोडणारं काहीही दिसलं की तो सुखावतो. जो महिन्यातून एकदा वेळ काढून जातो त्याला साच्याचा कंटाळा आलेलाच नसतो. दोघेही प्रामाणिक आहेत.

पण ‘समीक्षक विरुद्ध प्रेक्षक’ ही विभागणी वाटते तेवढी खरी नाही. समीक्षक आपापसांतही तेवढेच दुभंगतात. ‘टेस्ट ऑफ चेरी’ला १९९७मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला आणि अमेरिकन समीक्षक रॉजर इबर्ट यांनी त्याला एक तारा दिला. दिग्दर्शकही दुभंगतात. मणी कौल यांच्या ‘दुविधा’ला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कुमार शहानी यांच्या ‘मायादर्पण’लाही राष्ट्रीय पातळीवर गौरवलं गेलं, आणि याच दोन सिनेमांवर सत्यजित राय यांनी कडक टीका केली. राय यांना सिनेमा कळत नव्हता असं कोण म्हणेल?

रेटिंग सहा आहे. पाहावा की नाही?

सरासरी आकडा अशा सिनेमाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. शंभर जणांनी प्रत्येकी सहा गुण दिले तर सरासरी सहा येते. पन्नास जणांनी दहा आणि पन्नास जणांनी दोन दिले तरी सहाच येते. पहिला सिनेमा सगळ्यांना ‘ठीक’ वाटलाय. दुसऱ्यावर अर्धे लोक जीव टाकतात आणि अर्ध्यांना तो सहन झालेला नाही. सोय असेल तिथे आकड्यामागची गुणांची वाटणी उघडून बघा. दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये खोलगट असेल तर तो सिनेमा दुभंगवणारा आहे, आणि तुमचा कौल कुठल्या टोकाला जाईल हे पाहिल्याशिवाय कळणार नाही.

समीक्षकांची मतं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाची टक्केवारी निराळीच असते. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे एवढंच ती मोजते, किती अनुकूल हे मोजत नाही. सगळ्यांना जेमतेम आवडलेला सिनेमा तिथे शंभर टक्के मिळवू शकतो आणि अनेकांच्या आयुष्यातला सर्वांत प्रिय सिनेमा साठवर अडू शकतो.

ट्रेलरमध्ये काहीतरी वेगळंच दाखवलं होतं. माझा राग चुकीचा आहे का?

राग रास्त आहे, फक्त त्याचा पत्ता बरोबर असावा. जाहिरात बनवणारा आणि सिनेमा बनवणारा हे सहसा वेगळे असतात. प्रेक्षक जास्त यावेत म्हणून सिनेमातले चार वेगवान प्रसंग उचलून ट्रेलर बनतो, लोक पाठलाग आणि मारामारीच्या आशेने येतात आणि समोर शांत, घुमा सिनेमा निघतो. निकोलस विंडिंग रेफन यांना ‘ड्राइव्ह’साठी २०११मध्ये कानला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. त्याच सिनेमाच्या ट्रेलरने दिशाभूल केली म्हणून अमेरिकेत एका प्रेक्षक महिलेने दावाही लावला.

अमेरिकेत सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. २००२चा ‘सोलारिस’ आणि २०१७चा ‘मदर!’ यांना तिथे सर्वांत खालची श्रेणी मिळाली. दोन्हींत लोकप्रिय तारे होते, दोन्ही मोठ्या प्रमाणावर प्रदर्शित झाले. ती श्रेणी मला सिनेमाच्या दर्जापेक्षा अपेक्षाभंगाचं माप वाटते. टेरेन्स मॅलिक यांच्या ‘द ट्री ऑफ लाइफ’च्या वेळी तर तिथल्या एका चित्रपटगृहाने सूचनाच लावली होती: हा सिनेमा नेहमीच्या पद्धतीचा नाही, आधी माहिती घ्या, पैसे परत मिळणार नाहीत. मला ही सूचना आवडली. प्रेक्षकाला आधी खरं सांगणं हा त्याचा आदरच आहे.

लोक आवडल्याचं ढोंग करतात असं वाटतं. खरं आहे का?

काही करतात. न आवडल्याचा आवही काही आणतात, कारण ‘असले सिनेमे आपल्याला झेपत नाहीत’ हे सांगण्यातही एक आपलेपणाची टोळी मिळते. पण समोरच्याच्या मनात शिरून हे ठरवता येत नाही आणि ठरवायला गेलं की बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा त्याला एक दृश्य वर्णन करायला सांगा. ज्याला सिनेमा भिडला आहे तो आवाज, प्रकाश, चेहरा सांगू लागतो.

मग खरोखर फसलेला प्रायोगिक सिनेमा ओळखायचा कसा? की सगळंच ‘ज्याची त्याची दृष्टी’?

नाही. सगळंच दृष्टीवर सोडलं तर चांगल्या दिग्दर्शकाच्या कष्टांना काही अर्थच उरत नाही. वेगळेपणाच्या आड लपणारे पोकळ सिनेमे असतात आणि त्यांना पोकळ म्हणायला हवं. मी काही गोष्टी तपासते.

संथ शॉट वाढत जातो का? दहाव्या सेकंदाला दिसलं त्यापेक्षा साठाव्या सेकंदाला मला काही अधिक कळलं, जाणवलं, शंका आली, तर शॉटची लांबी सार्थ आहे. काहीच बदललं नसेल, तर तो नुसता लांब आहे.

सिनेमा स्वतःचे नियम पाळतो का? संपूर्ण वेळ अबोल राहिलेला सिनेमा शेवटी पात्राच्या तोंडून आशय सांगायला लागला, की त्याचाच स्वतःवर विश्वास नव्हता हे उघड होतं.

धूसरपणा कशासाठी आहे? दोन अर्थ शक्य असणं आणि एकही अर्थ न लागणं यात फरक आहे. ‘लाव्हेंतुरा’त अ‍ॅनाचं काय झालं याबद्दल शंका राहते, पण उरलेल्या दोघांत काय घडतंय हे लख्ख दिसतं. सगळंच धूसर असेल तर दिग्दर्शकालाही ते दिसलेलं नव्हतं असा संशय घ्यायला जागा आहे.

आणि सर्वांत अवघड कसोटी: पडद्यावरच्या माणसांचं दुःख हे नुसत्या देखण्या चौकटीसाठी वापरलंय का? गरिबी, रोग, हिंसा यांची सुंदर छायाचित्रं काढणारा आणि त्या माणसांबद्दल काहीही जाणून न घेणारा सिनेमा मला पुरस्कारांसकट नकोसा होतो. यावर माझे जवळचे मित्रही माझ्याशी वाद घालतात, आणि घालोत.

मत काळाबरोबर बदलतं का?

बदलतं, आणि कधी कधी सिनेमाही बदललेला असतो. ज्याँ रेन्वार यांचा ‘द रूल्स ऑफ द गेम’ १९३९मध्ये पॅरिसला लागला तेव्हा प्रेक्षक खवळले. रेन्वार यांनी घाईघाईने काटछाट केली, पण उपयोग झाला नाही आणि महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने तो मनोधैर्य खच्ची करणारा म्हणून बंद केला. मूळ निगेटिव्ह बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. उरलेले तुकडे जमवून १९५९मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि पुढे कित्येक दशकं ‘साइट अँड साउंड’च्या यादीत वरच्या जागी राहिला. ‘जान दिएलमन’ला याच यादीत २०२२मध्ये सोळाशेहून अधिक मतदारांच्या कौलाने पहिलं स्थान मिळालं आणि त्यावरूनही नवा वाद पेटला.

व्हिन्सेंट गॅलो यांच्या ‘द ब्राउन बनी’ची गोष्ट वेगळी आहे. २००३ला इबर्ट यांनी तो कानच्या इतिहासातला सर्वांत वाईट सिनेमा ठरवला. गॅलो यांनी पंचवीसेक मिनिटं कापली, नवी आवृत्ती इबर्ट यांनी पुन्हा पाहिली आणि चांगलं मत दिलं. इथे समीक्षकाची चंचलता नाही. कापलेला भाग खरोखर नको होता, हेच यातून सिद्ध झालं.

म्हणजे आज नापसंत झालेला प्रत्येक सिनेमा उद्या अभिजात ठरेल असं मात्र नाही. बहुतेक विसरले जातात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते योग्यच असतं.

अर्ध्यातून उठून जावं का?

जावं, हवं तर. तो तुमचा वेळ आहे. फक्त मत देताना ‘मी तासाभराने उठलो’ हे सांगा. बसलेल्यांच्या डोळ्यांपुढून वाकून जा आणि दार हळू लोटा.

मोबाइलवर पाहिला तर चालतो ना?

कथेवर चालणारा सिनेमा बराचसा निभावतो. असा सिनेमा नाही. ज्यात दूर क्षितिजावर एक माणूस हलतोय आणि तेच दृश्याचं केंद्र आहे, ते तळहाताएवढ्या पडद्यावर दिसतच नाही. जे आवाजातून उलगडतं ते फोनच्या स्पीकरमध्ये हरवतं. अंधार, मोठा पडदा, हातात फोन नाही: शक्य असेल तर हे तिन्ही जमवा. जमत नसेल तर किमान तुकड्या-तुकड्यांत पाहू नका. ‘मला काहीच वाटलं नाही’ म्हणणाऱ्या अनेकांनी तो चार दिवसांत, मध्ये मध्ये संदेश वाचत पाहिलेला असतो.

दुसऱ्यांदा पाहिल्यावर आवडेल का?

हमी नाही. पण पहिल्यांदा आपण ‘आता काय होणार’ याची वाट पाहत असतो. दुसऱ्यांदा ती वाट संपलेली असते आणि नजर मोकळी होते. चीड आली असेल तर पुन्हा पाहा, कारण चिडवण्याइतकं त्यात काहीतरी होतं. नुसती उदासीनता वाटली असेल तर सोडून द्या.

माझ्या जवळच्या माणसाला तो प्रचंड आवडला, मला मुळीच नाही. बोलायला गेलं की भांडण होतं. काय करू?

बाहेर पडल्या पडल्या मत सांगू नका आणि विचारूही नका. पहिल्या पाच मिनिटांतलं मत तोंडातून गेलं की माणूस पुढचे पाच दिवस त्याचा बचाव करत बसतो.

नंतर बसाल तेव्हा दोघांनीही आपल्या लक्षात राहिलेलं एक दृश्य सांगा, मत न देता, फक्त काय दिसलं ते. बऱ्याचदा एकाने पाहिलेलं दुसऱ्याच्या नजरेतून पूर्ण निसटलेलं असतं. मग विचारा: तू कुठल्या क्षणी सिनेमात शिरलास? आणि सांगा: मी या क्षणी बाहेर पडले. ते दोन क्षण शेजारी ठेवले की बोलायला आख्खी संध्याकाळ पुरत नाही. ‘भारी’, ‘भंकस’, ‘डोक्यावरून गेला’ हे शब्द तेवढ्यापुरते बाजूला ठेवा.

यानंतरही तुम्हाला तो आवडणार नाही, असं होऊ शकतं. त्याला सांगा की नाही आवडला, आणि कुठल्या दृश्यामुळे तेही सांगा.